घट्ट की पातळ

“...ते सगळं ठीक आहे उस्ताद, पण घट्ट तेल की पातळ?”

 याकूब उस्ताद एका जुन्या पिकअपच्या चाकाशी बसून नट आवळत होते. आवळून झाला. त्यांनी दुसरा घेतला.

जयवंत शेडगे वही उघडून उभाच होता.

मस्कतमधल्या वादी कबीर भागात गॅरेजांची मोठी रांग आहे. त्या रांगेच्या टोकाला याकूब सरगुरोह यांचं गॅरेज. माणूस खेड तालुक्यातला. तीस वर्षांपूर्वी ओमानात आला आणि इथलाच झाला. गाडीचं दुखणं कुठं बरं झालं नाही की लोक याकूब उस्तादांकडे येत. उस्ताद फार बोलत नाहीत, अशी त्यांची ख्याती होती. कुणी आलं तरी ते उठून उभे राहत नाहीत, हेही सगळ्यांना ठाऊक होतं. मोठमोठे शेख आले तरी ते बसल्या जागेवरूनच सलाम करत.

जयवंत मूळचा पाटणचा. समुद्राचं पाणी गोड करण्याच्या एका प्लांटमध्ये इंजिनियर. सात महिन्यांपूर्वी त्याने नवी कोरी पांढरी गाडी घेतली होती. शेडग्यांच्या घरातली पहिली गाडी.

आता तिचं तेल बदलायची वेळ आली होती. त्यासाठी त्याने एक महिना अभ्यास केला होता.

“सहा दुकानांत विचारलं,” तो म्हणाला. “एक म्हणतो, इथल्या उन्हाला घट्टच हवं. दुसरा म्हणतो, नव्या इंजिनाला पातळ. तिसरा म्हणतो, सगळी तेलं सारखीच. सत्तेचाळीस तेलांचा तक्ता केलाय मी. हा बघा.”

उस्तादांनी तक्ता बघितला नाही.

“आणि फिल्टर?” त्यांनी विचारलं.

जयवंत खुलला. त्याने पान उलटलं.

“इथं धूळ फार. म्हणून सगळ्यात बारीक जाळीचा शोधतोय. आत काही म्हणजे काही जाता कामा नये.”

“काहीच नको जायला?”

“काहीच नको.”

“मग फिल्टर कशाला? बूच बसवा.”

जयवंतला हसावं की रागवावं ते कळेना. वही त्याने मिटली नाही.

उस्ताद गुडघ्यावर हात ठेवून सरकले आणि बाकड्यावर बसले. “बॉनेट उघडा,” म्हणाले.

जयवंतने बाकड्याला लागून उभ्या केलेल्या आपल्या गाडीचं बॉनेट उघडलं. उस्तादांनी बसल्या बसल्या हात लांबवून तेल मोजायची पट्टी बाहेर ओढली. टोकाला लागलेलं तेल अंगठ्यावर घेऊन चोळलं. नाकाशी नेलं. मग अंगठा जयवंतच्या नाकासमोर धरला.

“पेट्रोलचा वास येतोय,” जयवंत चकित होऊन म्हणाला.

“गाडी किती चालली?”

“सात महिन्यांत साडेचारशे किलोमीटर.”

“रोज?”

“घर ते बसस्टॉप. दीड किलोमीटर. तिथून कंपनीची बस येते.”

“आणि सुट्टीला?”

“सुट्टीला झाकून ठेवतो.”

उस्तादांनी पट्टी पुसून जागेवर खोचली.

“चूल पेटवायची, आणि पाणी कोमट व्हायच्या आत विझवायची. रोज. सात महिने.” ते थांबले. “हे तेल चालून खराब झालेलं नाही, साहेब. न चालून झालंय.”

जयवंतच्या वहीत हे कुठं नव्हतं.

“गाडीबरोबर आलेलं पुस्तक कुठाय?”

त्याने समोरच्या कप्प्यातून पुस्तक काढलं. पुस्तकावरचं प्लास्टिक जसंच्या तसं होतं. सीलही तुटलेलं नव्हतं.

“उघडलं नाही?”

“खराब होईल म्हणून...”

उस्तादांनी पुस्तक हातात घेतलं नाही. त्यांची नजर आता गाडीच्या आत गेली होती. सीटांवरही प्लास्टिक होतं. पायाखाली वर्तमानपत्रं होती. आणि मागच्या सीटवर एक म्हातारा माणूस ताठ बसला होता. डोक्यावर गांधी टोपी, कपाळावर घाम. मांडीवर एक पिशवी होती आणि पिशवीत चपला.

“ते कोण?”

“माझे वडील. फिरायला आलेत. परवा परत जाणार.”

“फिरायला आलेत... कुठं कुठं फिरले?”

जयवंतने जरा विचार केला.

“मॉल बघितला. मशीद बघितली. टॅक्सीने.”

उस्तादांनी मागच्या दाराकडे बोट केलं.

“उतरवा त्यांना. आत उकडतंय.”

म्हातारे आबा उतरले. पिशवीतून चपला काढून खाली ठेवल्या आणि पायात घातल्या. पाठीला चिकटलेला सदरा त्यांनी दोन बोटांनी सोडवला. गॅरेज बघून त्यांना बरं वाटलं असावं, कारण त्यांनी एक लांब श्वास घेतला. ग्रीस, रबर, तापलेलं लोखंड.

“आपल्या डेपोचा वास हाय,” ते म्हणाले.

“डेपो?” उस्तादांनी मान वर केली.

“यष्टी चालवायचो की. पाटण डेपो. बत्तीस वर्षं.”

“रूट कुठली?”

“लई केल्या. पर निम्मा जलम पाटण-चिपळूण.”

“कुंभार्ली घाट?”

“व्हय. घाट.”

उस्तादांच्या हातात पाना होता. तो त्यांनी बाकड्यावर ठेवला. मग ते उठून उभे राहिले.

जयवंतने आजूबाजूला बघितलं. खुद्द सुलतान आले की काय? कुणीच आलं नव्हतं.

“मी कराडला चार वर्षं गॅरेजात होतो,” उस्ताद म्हणाले. “इथं यायच्या आधी. दर ईदला घाट उतरून गावी जायचो. एकदा श्रावणात निघालो. वर हेळवाकच्या पुढं असं धुकं, की ड्रायव्हरला स्वतःचं बॉनेट दिसेना. गाडीत लेकरं रडत होती. बायका देवाचं नाव घेत होत्या. मीही घेत होतो.”

“मग?” जयवंतने विचारलं.

“ड्रायव्हरनं काच खाली केली. पाऊस आत आला. सगळे ओरडले.  डोकं बाहेर काढून त्यानं पुरा घाट उतरवला.”

आबा हसले.

“तसंच करत्यात. काच लावून घाट उतरायचा न्हाई. दरीचा आवाज येगळा, डोंगराचा येगळा. ऐकू आला पायजे.”

“तुम्ही होतात?”

“कुणास ठावं. आमी सात ड्रायव्हर होतो त्या रूटला. सगळेच काच खाली करायचे.”

उस्तादांनी उजवा हात छातीवर ठेवला आणि मान लववली.

जयवंतला अवघडल्यासारखं झालं. आबांना त्याने असं कधी बघितलं नव्हतं. घरी ते पहाटे जायचे, उशिरा यायचे. खाकी कपडे दोरीवर वाळत असायचे. एवढंच त्याला आठवत होतं.

“ड्रायव्हरसाहेब,” उस्ताद म्हणाले, “जरा कान द्या.”

त्यांनी गाडी सुरू केली. आबा बॉनेटजवळ वाकले. डोळे मिटले.

“नवं हाय,” ते म्हणाले. “पर झोपेतनं उठवल्यागत बोलतंय. दम मोकळा झालेला न्हाई अजून.”

उस्तादांनी गाडी बंद केली आणि जयवंतकडे बघितलं. जयवंत खाली बघू लागला.

“मग तेल आता बदलूया?” जरा वेळाने तो म्हणाला.

“थंड तेल मी काढत नाही. पूर्ण उतरत नाही, घाण आतच राहते. गरम करून आणा.”

“इथंच दहा मिनिटं सुरू ठेवतो.”

“उभी ठेवूनच तर ही वेळ आणलीत.”

“मग किती चालवू?”

“कुरियातच्या रस्त्याला लागा. समुद्र दिसला की वळा.”

“कुरियात? ते तर ऐंशी-नव्वद किलोमीटर! उस्ताद, तिकडं चढ आहेत, धूळ आहे, बकऱ्या रस्त्यात येतात...”

उस्तादांनी त्याला बोलू दिलं. मग ते आबांकडे वळले.

“ड्रायव्हरसाहेब, परवाना आणलाय?”

 आबांनी एकदा मुलाकडे बघितलं. मग सदऱ्याच्या आतल्या बंडीत हात घातला. प्लास्टिकच्या पिशवीत घडी घातलेलं एक छोटं पुस्तक निघालं. इंटरनॅशनल परवाना. कराडच्या आरटीओचा शिक्का. फोटोत आबांनी टोपी काढली होती.

“आबा... हे कधी काढलंत?”

“तू धाडलेला व्हिसा आला त्याच आठवड्यात.”

“वीस दिवस झाले तुम्हाला येऊन. बोलला नाहीत.”

“तू कुठं इचारलंस?”

जयवंतने परवाना हातात घेतला. उलटला. कडा घामाने मऊ पडल्या होत्या. वीस दिवस तो माणूस हे छातीशी घेऊन फिरत होता. मॉलमध्ये, मशिदीत, टॅक्सीत. मागच्या सीटवर चपला मांडीवर घेऊन...

 त्याने परवाना परत दिला आणि गाडीचं पुढचं दार उघडलं.

“या आबा. पुढं बसा.”

गावाबाहेर पडेपर्यंत गाडी जयवंतने चालवली. डोंगर चढून, पलीकडची वस्ती मागे टाकून, रस्ता मोकळा झाला तिथे त्याने गाडी कडेला घेतली.

आबा उतरले. चालवायला बसायचं म्हणून सवयीने परत त्याच उजव्या दाराकडे वळले.

“आबा, इथं स्टिअरिंग डावीकडं असतं.”

“आरं, व्हय की.”

ते वळसा घालून आले. बसले. टोपी नीट केली. स्टिअरिंगला हात लावायच्या आधी त्याला नमस्कार केला. मग त्यांचा डावा पाय काही तरी शोधू लागला.

“क्लच नाही आबा. ऑटोमॅटिक आहे.”

“मग डाव्या पायानं काय करायचं?”

“काही नाही.”

“बत्तीस वर्षं राबलाय बिचारा. बसू दे निवांत.”

त्यांनी डावीकडे वळायचा दिवा लावायला दांडी ओढली. कडकडीत उन्हात वायपर खरडत फिरू लागले. जयवंतने बघितलं, आबांनी बघितलं, आणि दोघेही हसले. हसता हसता जयवंतला ठसका लागला.

पहिले दोन किलोमीटर तो दाराचं हँडल घट्ट धरून बसला होता. मग त्याच्या लक्षात आलं की हात मोकळा सुटलाय. केव्हा सुटला ते कळलं नाही.

आबा गाडी चालवत नव्हते, वाहती ठेवत होते. वळण यायच्या आधीच गाडीला वळण कळलेलं असायचं. ब्रेक लागायचा, पण लागलेला कळायचा नाही. फिकट तपकिरी डोंगरांची रांग दोन्ही बाजूंनी मागे सरकत होती.

समोरून एक ट्रक आला. आबांनी हात वर केला. ट्रकमधल्या दाढीवाल्या माणसानेही हात केला.

“ओळखीचा होता?” जयवंतने चेष्टेने विचारलं.

“डायवर हाय की.”

मग प्रत्येक ट्रकला, प्रत्येक बसला हात होऊ लागला. सगळ्यांनी परत हात केला. एका पाण्याच्या टँकरने तर भोंगाही वाजवला. आबांनी टोपी उचलून दाखवली.

उतार लागला. लांबलचक, नागमोडी.

“ह्यात खालचा गिअर हाय का?” आबांनी विचारलं. “नुसत्या ब्रेकवर उतरायचं न्हाई.”

“असेल... असणारच.”

“असंल न्हवं. हाय का सांग.”

जयवंतला माहीत नव्हतं. सत्तेचाळीस तेलं ठाऊक असलेल्या इंजिनियरला आपल्या गाडीचा खालचा गिअर ठाऊक नव्हता. आबांनी गाडी कडेला थांबवली. जयवंतने समोरच्या कप्प्यातून पुस्तक काढलं, क्षणभर हातात धरलं, आणि दाताने प्लास्टिक फाडलं.

“दांडी मागे ओढून डावीकडे ढकलायची,” त्याने वाचून सांगितलं.

आबांनी ढकलली. गाडी निघाली. इंजिन गुरगुरलं आणि उतारावर गाडी स्वतःला धरून अलगद खाली जाऊ लागली.

“आता बोलली बघ!” आबा ओरडले. “काच खाली कर.”

“आबा, धूळ येईल.”

“कर रं.”

काच खाली झाली. गरम वारा, धूळ, कुठल्या तरी झुडपाचा कडवट वास, सगळं एकदम आत आलं. पुस्तकाची पानं फडफडली. जयवंतने ती हाताने दाबली, तर बोटाखाली एक छोटा चौकोन होता. इंजिन ऑईल. त्याच्यापुढे एक ओळ. एकच. पातळ तेल. आकड्यासकट लिहिलेलं. खाली बारीक अक्षरात फिल्टरचा नंबर.

तो त्या ओळीकडे बघत राहिला. मग मोठ्याने हसू लागला.

“काय झालं?”

“काही नाही आबा. महिनाभर जे शोधत होतो ते माझ्याच गाडीत होतं. सात महिने.”

“गावलं न्हवं? झालं तर.”

पुढच्या वळणावर समुद्र आला. निळा, भलामोठा, डोंगराच्या पायाशी. आबांनी गाडी थांबवली. दोघे खाली उतरले. किनाऱ्यावर कोळी जाळं ओढत होते. त्यांनी या दोघांना हाका मारल्या, बसवलं, छोट्या पेल्यांतून कडू कॉफी दिली आणि खजूर पुढे केले. आबांना अरबी येत नव्हती, कोळ्यांना मराठी येत नव्हती. अर्धा तास गप्पा चालल्या.

परत निघताना आबा गाडीच्या दाराशी म्हणाले, “ह्यो कागद लई घसरतोय. ब्रेक मारला की मी फुडं सरकतो.”

जयवंत वाकला. सीटवरचं प्लास्टिक धरलं आणि ओढलं. टर्रकन आवाज झाला. मग दुसऱ्या सीटचं. मग मागचं. पायाखालची वर्तमानपत्रंही त्याने गोळा केली. सगळ्याचा एक गठ्ठा करून डिकीत टाकला.

आबा चपलांसकट आत बसले.

गाडी परतीच्या रस्त्याला लागली. मग आबांनी रस्त्यावरची नजर न हलवता विचारलं,

“जयवंता, ते तिकीट... फुडं ढकलाय येतं का रं?”

“येतं आबा.”

“न्हाई, तुला सुट्टी नसंल तर...”

“सुट्टी मी काढतो. तिकीट किती दिवस ढकलू?”

आबांनी आकडा सांगितला नाही. समोरून बस येत होती. त्यांनी हात वर केला.

दुपार कलताना गाडी गॅरेजात शिरली. पांढरी निघालेली, तांबूस होऊन आली होती. काचेवर वायपरचे दोन अर्धगोल उमटले होते. बंपरला वाळकी काटेरी फांदी अडकली होती. डिकीत कोळ्यांनी दिलेला एक मोठा मासा होता. चालकाच्या जागेवरून आबा उतरले, टोपी वाऱ्याने वाकडी झालेली. आणि बाजूच्या दारातून जयवंत. त्याच्या केसांत वाळू होती.

बाकड्यावर तेलाचा डबा आणि फिल्टर आधीच काढून ठेवला होता. जयवंतने डब्यावरचा आकडा वाचला. पुस्तकातलाच.

“उस्ताद! तुम्हाला ठाऊक होतं?”

“हो.”

“मग सकाळी सांगितलं का नाही?”

“सहा जणांनी सांगितलं होतं. मी सातवा झालो असतो.”

त्यांनी गाडीखाली परात सरकवली आणि नट सोडला. गरम तेल धारेने खाली आलं. एक थेंब मागे न ठेवता आलं. आबा उकिडवे बसून धार बघत होते. उस्तादही त्यांच्या शेजारी उकिडवे बसले. दोघे म्हातारे ती धार बघत राहिले. धार बारीक झाली, थेंबांवर आली, थांबली.

मग तेलाचा नवा फिल्टर बसला. नवं तेल पडलं. उस्तादांनी हवेचा फिल्टर बाहेर काढला आणि तळहातावर आपटला. मूठभर तांबडी माती पडली.

“एका दिवसात एवढी?” जयवंत म्हणाला.

उस्तादांनी नुसती मान हलवली. फिल्टर आणखी दोनदा आपटला आणि परत जागेवर लावला.

गाडी सुरू झाली. आबांनी वाकून कान लावला आणि बोटाने खूण केली : झकास.

 जयवंत वाकला आणि आधी आबांच्या पायांना हात लावला. मग उस्तादांच्या पायांकडे वळला. उस्तादांनी त्याला अर्ध्यातच धरलं.

“माझे नको. एकाच दिवसात दोन उस्ताद झेपत नाहीत.”

“बरं उस्ताद, पुन्हा कधी येऊ?”

“सहा महिन्यांनी.”

जयवंतची नजर गाडीवर गेली. तांबूस दारं, धुळीने माखलेली चाकं, काचेवर बोटाने कुणी तरी काढलेला मासा. बहुतेक आबांनीच. त्याला एकदम शरमल्यासारखं झालं. अशी गाडी घेऊन आपण एवढ्या मोठ्या माणसाच्या दारात आलो...

“येताना स्वच्छ धुवून आणतो,” तो म्हणाला.

याकूब उस्तादांनी हात पुसले. पिकअपच्या चाकाशी जाऊन बसले. पाना उचलला.

“धुवून आणलीत तर हात लावणार नाही.”